खांबाचा पाय बदलताना

पुण्यातलं प्लायवुडचं कपाट मरतं ते खालून. रोज ओल्या फडक्याने लादी पुसली जाते, पाणी मुरतं, तळ फुगतो आणि वरचं सगळं धडधाकट असताना अख्खं कपाट भंगारात जातं. अशी कपाटं मीच डिझाइन करत होतो. काहीतरी वेगळं शिकायचं म्हणून जपानच्या गिफू प्रांतात, हिदा भागातल्या एका सुतारशाळेत गेलो. नारा काळात, म्हणजे आठव्या शतकात, हिदाचे लोक कराऐवजी राजधानीला सुतार पाठवत, इतकी या भागाच्या हाताची ख्याती.

सुरुवातीला लाकूड मिळालंच नाही. पाण्याच्या दगडावर पटाश्यांना धार लावत बसायचं. तिथली करवत आणि रंधा दोन्ही स्वतःकडे ओढून चालवतात. ओढताना पातं ताणलं जातं, म्हणून ते पातळ ठेवता येतं आणि काप अरुंद पडतो. ढकलायची सवय असलेल्या माझ्या खांद्यांनी बरेच दिवस बंड केलं.

खरी मेख होती कानावा-त्सुगी या जोडात. लाकडी खांब जमिनीलगत कुजला, तर तेवढाच भाग कापून खाली नवा तुकडा जोडतात. जोडाची दोन्ही तोंडं हुबेहूब सारखी कोरलेली. ती बाजूने एकमेकांत सरकवायची आणि मधल्या फटीत चौकोनी खुंटी ठोकायची, की दोन्ही भाग घट्ट आवळले जातात. ना खिळा, ना डिंक. माझा जोड एकदाचा बसला, तेव्हा आमच्या तोऱ्योंनी, म्हणजे मुख्य सुतारांनी, त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. म्हणाले, "आता उघडून दाखव."

पुढे नाराजवळचं होर्यूजी मंदिर पाहिलं. तिथला पाच मजली पॅगोडा जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक. १९३४ पासून सुमारे पन्नास वर्षं त्या मंदिराची दुरुस्ती चालली, त्यात हा पॅगोडा सुटा करून पुन्हा उभारला. लोखंडी खिळे तिथेही आहेत, बरं का! जपानी सुतार खिळा वापरतच नाहीत, ही निव्वळ दंतकथा.

परत आल्यावर कानावा कपाटात घातला नाही. एवढं कोरीवकाम मजुरीला परवडत नाही, आणि तो जोड मुळात खांबासाठी आहे. आधी काय खराब होणार ते ठरवायचं आणि तेवढंच सुटं ठेवायचं, एवढंच घेतलं. आता माझ्या कपाटांना चार इंचांची सागवानी बैठक असते. ती वरच्या खोक्यात कुसू (खाचेत शिरणारं लाकडाचं टोक) आणि खाचेने बसते, बाहेरून पाचर. आमच्या सुतारकाकांनी ती पाहिली आणि म्हणाले, "यासाठी जपानला कशाला गेलात? जुन्या वाड्यांत पाचरीच असायच्या की!"

गिऱ्हाइकांना मात्र उघडी पाचर खुपते. "यावर लॅमिनेट मारून द्या ना," म्हणतात. लॅमिनेटखालची पाचर काढणार कशी? म्हणून हल्ली कोटेशनमध्येच लिहितो: बैठकीवर लॅमिनेट लावून मिळणार नाही.