विमान संशोधनाची भागीदारी: प्रश्न कोणाचा, उत्तर कोणासाठी?

सरकारी प्रयोगशाळा आणि खासगी विमान कंपन्या यांच्या भागीदारीचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती सामंजस्य करारांची आणि परवाना शुल्काची. माझ्या मते अशा भागीदारीचे यशापयश करारावर सही होण्याच्या कितीतरी आधी, संशोधनाचा प्रश्न कोण विचारतो इथेच ठरून जाते, आणि याचे मला सर्वांत पटलेले उदाहरण अमेरिकेतील ‘नाका’ या संस्थेच्या काउलिंगचे, म्हणजे विमानाच्या इंजिनावरील आवरणाचे आहे.

‘नाका’ ही आजच्या ‘नासा’ची पूर्वज संस्था. 1915 साली ती स्थापन झाली तेव्हा तिला वर्षाला अवघे 5,000 डॉलर मंजूर झाले होते. 1917 मध्ये राइट आणि कर्टिस यांच्या पेटंटांच्या वादात अमेरिकेचे विमान उत्पादन अडकले, तेव्हा कारखान्यांनी दर विमानामागे ठरावीक शुल्क भरून एकमेकांची पेटंटे वापरावीत, ही व्यवस्था घडवून आणण्यात तिचा मोठा वाटा होता. पुढे 1926 पासून लँगली येथील आपल्या प्रयोगशाळेत ती दर मे महिन्यात विमान कारखानदारांची परिषद भरवू लागली. तिथे चालू असलेले प्रयोग पाहुण्यांना दाखवले जात आणि त्यांचे काम कुठे अडते आहे, हेही त्यांच्याकडूनच ऐकून घेतले जाई.

त्या काळी हवेने थंड होणाऱ्या इंजिनांचे सिलिंडर विमानाच्या नाकाशी चक्राकार उघडे ठेवलेले असत. झाकले तर ते तापत आणि उघडे ठेवले तर हवेचा अवरोध वाढून वेग मार खाई. नौदलाच्या विमान विभागाने याविषयी 1926 मध्येच विचारणा केली होती, आणि पुढच्या वर्षी लँगलीला आलेल्या कारखानदारांनीही हाच प्रश्न आधी हाती घ्यावा असा आग्रह धरला. तिथले अभियंते फ्रेड वाइक यांच्या गटाने वीस फूट व्यासाच्या विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वारा सोडून चाचण्या घेण्याच्या बोगद्यात, खरे इंजिन बसवून एकामागून एक आवरणे तपासली. त्यांतून जे काउलिंग सिद्ध झाले त्यात हवा समोरून आत शिरते, आतल्या पत्र्यांमुळे नेमकी सिलिंडरच्या सर्वांत तप्त भागांवरून वाहते आणि मागच्या अरुंद फटीतून विमानाच्या अंगाला धरून बाहेर पडते. सैन्याकडून मागून घेतलेल्या कर्टिस हॉक विमानावर ते चढवले, तेव्हा त्याचा कमाल वेग ताशी 118 मैलांवरून 137 मैलांवर गेला. इंजिन तेच, विमानही तेच. बदलले होते ते केवळ आवरण.

मला याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे पाऊल. नोव्हेंबर 1928 मध्ये ‘नाका’ने हे निष्कर्ष उघडपणे प्रसिद्ध केले. फेब्रुवारी 1929 मध्ये, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांत, लॉकहीडच्या एअर एक्सप्रेस विमानावर हे काउलिंग बसवून वैमानिक फ्रँक हॉक्स यांनी लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क हे अंतर साधारण सव्वाअठरा तासांत कापले. सरकारी पैशाने केलेल्या कामाचा फायदा खासगी कंपन्यांनी का घ्यावा, हा आक्षेप रास्त आहे; पण जे ज्ञान सर्वच कारखान्यांना सारखे खुले आहे त्यात कोणा एकाची मेहेरनजर नसते, आणि ‘नाका’ स्वतः विमाने विकत नसल्यामुळे तिची कोणाशी स्पर्धाही नव्हती.

आज मात्र एका प्रायोगिक विमानाचा खर्च इतका अवाढव्य झाला आहे की ही जुनी पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. 2023 मध्ये ‘नासा’ने बोइंगशी करार केला, त्यात सरकारचे 42.5 कोटी डॉलर होते, तर बोइंग आणि तिच्या सहकाऱ्यांचे सुमारे 72.5 कोटी. त्यातून एक्स-66 हे लांब, निमुळत्या आणि तिरप्या आधारांवर तोललेल्या पंखांचे विमान उडायचे होते. परंतु 2025 मध्ये ते काम थांबवून तूर्त पंखांच्या संशोधनावरच भर देण्याचे ठरले. मोठा वाटा कंपनीचा असला की कामाचा क्रमही बऱ्याच अंशी तिच्या सोयीने ठरणार, हे धरूनच चालावे लागते.

आपल्याकडची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने घडवलेल्या हंसा-3 या दोन आसनी प्रशिक्षण विमानाला 2000 साली प्रमाणपत्र मिळाले, मोजकी विमाने फ्लाइंग क्लबांना देण्यात आली आणि तिथेच ती वाट खुंटली. याच संस्थेने महिंद्रासोबत केलेले पाच आसनी एनएम-5 हे विमान 2011 मध्ये ऑस्ट्रेलियात उडाले, पण त्याचे नियमित उत्पादन काही झाले नाही. हंसाची नवी आवृत्ती 2021 मध्ये उडाली आणि तिचे तंत्रज्ञान 2025 मध्ये मुंबईच्या पायोनिअर क्लीन अॅम्प्स या कंपनीकडे सोपवण्यात आले. याचा मला मनापासून आनंद आहे. तरी प्रमाणपत्र ते कारखाना या प्रवासात पाव शतक जावे, हे सहज सोडून देण्यासारखे नाही.

म्हणूनच आपल्या प्रयोगशाळांनीही पुढच्या विमानाचा आराखडा पक्का होण्याआधीच फ्लाइंग स्कूलचे प्रशिक्षक, देखभाल करणारे अभियंते, सुटे भाग बनवणारे लघुउद्योजक आणि प्रमाणपत्र देणारे अधिकारी यांना दरवर्षी एकत्र बोलवावे, आणि चाचण्यांची जी आकडेवारी संरक्षणाच्या दृष्टीने गोपनीय नाही ती कोणत्याही भारतीय कारखान्याला वापरता येईल अशी प्रसिद्ध करावी. त्यासाठी नव्या धोरणाची वाट पाहण्याची गरज मला दिसत नाही.