बाग नव्हे, बागायत

गेल्या जूनमध्ये आई-अण्णा पहिल्यांदाच आमच्याकडे न्यू जर्सीला आले. विमानतळावरून घरी येताना टर्नपाइक महामार्गाच्या दोन्ही अंगांना तेलाच्या टाक्या, धुराडी आणि कंटेनरचे ढीग दिसत होते. अण्णांनी पुढच्या गाडीची नंबर प्लेट अक्षरं लावत वाचली, 'गार्डन स्टेट'. मग बाहेर बघत विचारलं, "बाग कुठाय गं?"

त्या रात्री जेट लॅगमुळे त्यांना झोप येईना, म्हणून आम्ही दोघं वाचत बसलो. न्यू जर्सीचं हे टोपणनाव अब्राहम ब्राउनिंग नावाच्या वकिलाचं मानतात. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात त्याने भाषण केलं. न्यू जर्सी म्हणजे खाण्याच्या जिनसांनी भरलेलं भलंमोठं पिंप, दोन्ही तोंडांनी उघडं. एका बाजूने पेनसिल्व्हेनियावाले हात घालतात, दुसऱ्या बाजूने न्यूयॉर्कवाले.

"अगं, मग ही बाग नव्हे, बागायत," अण्णा म्हणाले. "दोन शहरांना माळवं पुरवणारा पट्टा."

तासगावकडे जन्मभर द्राक्षबाग सांभाळलेल्या माणसाला हा शब्द सुचायचाच. मी मात्र इतकी वर्षं 'गार्डन' म्हटलं की फुलझाडं आणि बाकडीच डोळ्यांपुढे आणत होते. १९५४ मध्ये विधिमंडळाने हे नाव नंबर प्लेटवर टाकायचा ठराव केला, तेव्हा गव्हर्नर रॉबर्ट मायनर यांनी तो नाकारला होता. शेती ही काही या राज्याची खास ओळख नाही, असं त्यांचं म्हणणं. विधिमंडळाने त्यांचा नकार मोडून काढला.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी खिशात डायरी ठेवली. वाण्याच्या दुकानाबाहेर, पेट्रोल पंपावर, जिथे परराज्याची गाडी दिसेल तिथे नोंद करायची आणि रात्री मला विचारायचं, हे नाव कुणी दिलं? बरीच नावं सरळ निघाली. कोलोराडो 'सेंटेनियल', कारण स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला शंभर वर्षं झाली त्या १८७६ सालीच ते राज्य झालं. डेलावेअर 'फर्स्ट', कारण ७ डिसेंबर १७८७ ला राज्यघटनेला पहिली मंजुरी त्यांची.

पण अण्णांना गोडी लागली ती दुसऱ्यांनी हिणवून ठेवलेल्या नावांची. नॉर्थ कॅरोलायना 'टार हील', म्हणजे डांबरी टाचांचे लोक. तिथल्या पाइनच्या जंगलांतून जहाजांसाठी डांबर आणि राळ काढत. त्या गरीब मजुरांना चिडवायला वापरलेला हा शब्द यादवी युद्धात तिथल्या सैनिकांनी अभिमानाने स्वतःला लावून घेतला. मिसुरीचं 'शो मी'ही तसंच. १८९९ मध्ये विलर्ड व्हँडिव्हर हे खासदार फिलाडेल्फियात म्हणाले, नुसत्या फेसाळ वक्तृत्वाने माझं समाधान होत नाही, मी मिसुरीचा आहे, मला दाखवा. दुसरी एक गोष्ट कोलोराडोतल्या लेडव्हिलच्या खाणींची. तिथे मिसुरीहून आलेल्या नवख्या मजुरांबद्दल मुकादम म्हणत, हा मिसुरीचा, याला करून दाखवावं लागेल. मला ही दुसरी गोष्ट जास्त पटते. मंचावर पोचण्याआधी असा शब्द कुठेतरी घाम गाळून आलेला असतो.

कनेटिकटच्या जुन्या नावाने आईचेही कान टवकारले. 'नटमेग', म्हणजे आपलं जायफळ! तिथे ते पिकतच नाही. तिथले फेरीवाले लाकडाची जायफळं करून खपवत, असा आळ होता. काही जण म्हणतात, गिऱ्हाइकांना जायफळ किसायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. ते अक्रोडासारखं फोडायला जात, फुटलं नाही की लाकूड म्हणून ओरडत. आईने फेरीवाल्यांना तिथल्या तिथे निर्दोष सोडलं.

ओक्लाहोमापाशी मात्र अण्णा गप्प झाले. २२ एप्रिल १८८९, दुपारी बारा. इशारा होताच हजारो माणसं घोडे आणि गाड्या घेऊन, सरकारने खुल्या केलेल्या जमिनीवर हक्काच्या खुंट्या ठोकायला धावली. त्याआधीच चोरून आत शिरून बसलेले ते 'सूनर'. आज राज्यही 'सूनर' आणि तिथल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघही. "बांध कोरणाऱ्यांचं नाव?" अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि जमीन मूळ कुणाची?" ती क्रीक आणि सेमिनोल लोकांकडून सरकारने यादवी युद्धानंतर करारांत काढून घेतलेली. बारा वाजायची वाट बघत थांबलेलेही माझ्या लेखी फार वेगळे नव्हते. राज्यांचं इतर कुठलंही टोपणनाव मला इतकं लागलं नाही.

जुलैत त्यांना दक्षिण जर्सीला नेलं, व्हाइट्सबॉगला. तिथे एलिझाबेथ व्हाइट यांनी शास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांच्यासोबत रानातल्या ब्लूबेरीची पहिली शेती उभी केली. १९१६ मध्ये पहिला माल बाजारात गेला. रानात राबणाऱ्या माणसांना सांगून व्हाइट टपोऱ्या फळांची झुडपं शोधून आणवत, पैसे देत, आणि झुडपाला शोधणाऱ्याचं नाव ठेवत. रूब लीकने आणलेल्या झुडपाचं झालं 'रुबेल'. तो वाण अजून लावतात.

अण्णा बराच वेळ रांगांमधून फिरले, माती चिमटीत घेऊन बघितली. "आपल्या तास-ए-गणेश द्राक्षातला तास म्हणजे तासगावच की," म्हणाले, आणि डायरीत न्यू जर्सीच्या पानावर 'बागायत'च्या खाली लिहिलं, रुबेल.