एकादशी, दिवे घाट आणि पोटरीतला गोळा

वडकी मागे पडली आणि घाट समोर उभा राहिला. वळणावळणावर माणसं, भगव्या पताका थेट माथ्यापर्यंत गेलेल्या. माउलींच्या रथाला चढासाठी जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या. आमची दिंडी रथामागे. खाली मस्तानी तलाव दिसायला लागला, त्या वळणावर माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला. मी मटकन रस्त्याच्या कडेला बसले. पोटरी हाताला दगडासारखी लागत होती आणि अंगठा आपोआप खाली वळत चालला होता.

डोक्यात पहिला विचार आला तो एवढाच, ‘संधिवात उसळला. संपली माझी वारी.’

मला अकरा वर्षांपासून रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो. म्हातारपणी गुडघे झिजतात तो वात वेगळा. यात शरीराची रोगाशी लढणारी ताकदच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. सांधे सुजतात, गरम होतात, सकाळी बोटं तासभर मिटत नाहीत. आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेटची गोळी, बाकी दिवशी इतर गोळ्या. या अकरा वर्षांत पायात काहीही दुखलं तरी मी ते आमवाताच्या नावावर टाकत आले होते. पोटरीतले गोळेसुद्धा. घरीही रात्री यायचे. मी उशीत तोंड खुपसून सहन करायचे आणि सकाळी डॉक्टरांना सांगायचंही विसरायचे.

‘पाय सरळ कर पोरी, आधी पाय सरळ कर,’ शेजारी कुणीतरी बसलं. परभणीकडच्या एक आजी, आमच्या पुढच्या दिंडीतल्या. माझी पन्नाशी उलटली आहे, तरी त्यांच्यासाठी मी पोरच. त्यांनी गुडघा दाबून सरळ केला आणि पायाची बोटं वर ओढायला गेल्या. मी ओरडलेच. माझ्या बोटांच्या मुळाशी सूज असते, तिथं कुणी दाबलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. ‘आजी, बोटं नको. सांधे आहेत तिथं.’ त्या क्षणभर थांबल्या. मग एका टाळकऱ्याकडून उपरणं मागून घेतलं, माझ्या तळव्याच्या मधोमध घातलं, दोन्ही टोकं माझ्याच हातात दिली आणि म्हणाल्या, ‘तूच ओढ आता. तुला कळंल किती ते.’ गुडघा सरळ ठेवून मी पाऊल हळूहळू स्वतःकडे ओढत राहिले. पोटरी आधी थरथरली, मग विरघळल्यासारखी सैल झाली.

‘पुण्यातनं निघाल्यापासनं पाणी किती प्यालीस?’

अर्धी बाटली. खरं तेच सांगितलं. त्या दिवशी एकादशी होती. पुणे ते सासवड हा वाटेतला सगळ्यांत मोठा टप्पा आणि तो उपवासाच्या दिवशीच येतो. 2023 चं साल, पाऊस लांबलेला, हडपसरपासून डांबर तापलेलं. पोटात थोडी साबुदाण्याची खिचडी आणि एक केळं. पण पाणी मी उपवासामुळे कमी प्यायले नव्हते. प्यायलं की जायचं कुठं, हा प्रश्न होता. वारीतल्या कितीतरी बाया ह्याच भीतीनं दिवसभर ओठ ओले करण्यापुरतंच पाणी पितात. फिरती शौचालयं असतात, पण त्यांच्यापुढची रांग संपेपर्यंत दिंडी कोसभर पुढं गेलेली असते. बाई वारीत घोट-घोट मोजत चालते, हे बोललं गेलं पाहिजे, म्हणून मी इथं स्पष्ट लिहिते आहे.

पिशवीत ओआरएसची, म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी होती, डॉक्टरबाईंनी आठवणीनं घ्यायला लावलेली. उपवासाला मीठ कसं घ्यायचं म्हणून मी ती तशीच ठेवली होती. आजींनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, ‘माउलींच्या वाटंवर औषधानं उपास मोडत नाही. घाल पाण्यात.’ लिटरभर पाण्यात अख्खी पुडी घातली आणि घाटाचा माथा येईपर्यंत थोडं थोडं करून संपवली. झेंडेवाडीला दिंडीनं विसावा घेतला तेव्हा गोळा पुन्हा आला नव्हता. उपरणं परत द्यायला गेले तर तो टाळकरी म्हणाला, ‘राहू द्या माउली, पंढरपूरपर्यंत तुमचंच.’

सासवडला पालखी दोन रात्री असते. त्या मुक्कामात डॉक्टरबाईंना फोन केला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा पोटरीत येणाऱ्या गोळ्यांबद्दल नीट विचारलं. त्यांनी मला एकच करायला सांगितलं. दुखेल तेव्हा डोळे मिटून बघायचं की दुखतंय ते सांध्यात की सांध्यांच्या मधल्या मांसात. सांध्याचं दुखणं ठणकत राहतं, बसून राहिलं की जास्त जखडतं, हालचाल केली की थोडं मोकळं होतं. गोळा अचानक येतो, ताणलं की जातो आणि मागे दिवसभर ठुसठुस ठेवतो. माझ्या पुढच्या बोटांना भार सोसत नाही, म्हणून मी नकळत पाऊल बाहेरच्या कडेवर टाकते. त्यामुळे पोटरीला दुप्पट काम पडतं. त्यात घाम, मीठ गेलेलं, पाणी नाही. दुखण्याची गोळी मात्र आपल्या मनानं घ्यायची नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. अंगात पाणी कमी असताना ती गोळी मूत्रपिंडाला मारते, आणि मेथोट्रेक्सेट बाहेर टाकायचं कामही मूत्रपिंडाचंच. जुलाब किंवा ताप आला तर त्या आठवड्याची गोळी न घेता आधी फोन करायचा.

जेजुरीच्या वाटेपासून माझी रीत बदलली. पहाटे तीनला दिंडी उठते, मी अडीचला उठून चुलवणावरच्या गरम पाण्यात हात बुडवून बसायचे. रात्री झोपण्याआधी ट्रकच्या फाळक्याला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीवर घट्ट, असा पोटरीला ताण द्यायचे. सुरुवातीला मी एकटीच असायचे. वाल्ह्याच्या मुक्कामी फाळक्याला ओळीनं सहा बाया उभ्या होत्या. आणि पाण्यासाठी आम्ही आमचीच सोय केली. चौघीचौघींनी मिळून जायचं, दोघींनी लुगडं धरायचं. मग कुणी घोट मोजले नाहीत.

वाटेत ठिकठिकाणी लोक वारकऱ्यांचे पाय चेपून देतात. तेलाचे डबे घेऊन कॉलेजची मुलं जमिनीवर बसलेली असतात, पायाला हात लावण्याआधी नमस्कार करतात. त्यांच्यापुढे पाय करताना मला दर वेळी भरून यायचं. पण त्यांना सांगावं लागायचं, ‘बाळा, पोटरी चोळ, घोट्याला आणि बोटांना हात लावू नको.’ आधी संकोच वाटायचा, सेवा करणाऱ्याला कसं अडवायचं म्हणून.

हे सांगायची सवय झाली होती म्हणूनच फलटणला निभावलं. सकाळी उजवी पोटरी सुजलेली, डावीपेक्षा उघड जाड, गरम, आणि ताणून काही फरक पडेना. गोळा असा नसतो, हे आता मला कळत होतं. एक मुलगा तेल घेऊन पुढं आला, मी त्याला थांबवलं. एकाच पायाची पोटरी अशी सुजली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि मग तिथं चोळणं जिवावर बेतू शकतं. आरोग्य पथकातल्या तरुण डॉक्टरनं चोळू न दिल्याबद्दल मला शाबासकी दिली आणि लगेच सोनोग्राफीला पाठवलं. गुठळी नव्हती. सुजलेल्या गुडघ्याच्या मागे पाण्याची गाठ झाली होती, ती फुटून पाणी पोटरीत उतरलं होतं. आमवातात असं होतं म्हणे. पाय उंच ठेवून विश्रांती, चालणं बंद.

बरड आणि नातेपुते मी ट्रकमधून केलं. पहिल्या दिवशी भांड्यांच्या आणि गाद्यांच्या मध्ये बसून मी पुष्कळ रडले. सदाशिवनगरचं रिंगण कडेला स्टुलावर बसून पाहिलं. माउलींचा अश्व समोरून धावत गेला, त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावताना आजी धावत आल्या आणि माझ्याही कपाळाला लावून गेल्या.

माळशिरसपासून डॉक्टरांना विचारून थोडं थोडं चालले. वेळापूरच्या अलीकडे धावा असतो, उतारावरून सगळी वारी पळत सुटते. मी नाही पळाले. दिंडीतल्या बायांच्या पिशव्या माझ्या खांद्याला, दोन तुळशी हातात, मी सावकाश उतरले.

वाखरीहून शेवटचा टप्पा आजींच्या सोबतीनं चालले. पंढरपूर जवळ आलं तशी गर्दी इतकी दाटली की चालण्याऐवजी वाहत गेल्यासारखंच झालं. लांबून कळस दिसला. मी हात जोडले. बोटं पूर्ण जुळत नाहीत माझी, जेवढी जुळली तेवढी जोडली. आजींनी कमरेची बाटली काढून माझ्यापुढे धरली.

‘आधी दोन घोट घे,’ त्या म्हणाल्या, ‘मग रड.’