न्हाणीच्या चुलीतलं प्लास्टिक : माझा अनुभव

आमची वाडी गुहागर तालुक्यात, खाडीच्या अंगाला. ३८ घरं, त्यातली दहा-बारा फक्त गणपती आणि शिमग्याला उघडतात. दोन वर्षांपूर्वी बचत गटाच्या मिटिंगमध्ये मी विषय काढला की घरातलं प्लास्टिक कमी करूया, सगळ्या हो म्हणाल्या, जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या, फोटो काढले, आणि महिन्याभरात त्या पिशव्या दारामागे खुंटीला लागल्या त्या लागल्याच. खूप वाईट वाटलं तेव्हा. वाटायचं बायकांना पटतच नाहीये.

मग श्रावणात एकदा सकाळी शेजारच्या काकूंकडे गेले. काकू न्हाणीच्या चुलीपाशी बसलेल्या, लाकडांखाली दोन दुधाच्या पिशव्या आणि फरसाणचं पाकीट सरकवलं आणि काडी लावली. काळा धूर, तो घशात बसणारा वास, आणि नातू तिथेच टॉवेल गुंडाळून आंघोळीची वाट बघत उभा. मी म्हटलं काकू असं नका ना करू, तर म्हणाल्या, "अगो बाय, पावसात लाकडं ओली, पिशवी नाय घातली तर चूल पेटणार कशी?"

मी गप्पच झाले. खरं होतं ते. कचऱ्याची गाडी आमच्याकडे येत नाही, भंगारवाला येतो तो बाटल्या, बादल्या, मोडक्या खुर्च्या नेतो, पाकिटांना हातही लावत नाही. म्हणजे आम्ही ज्याला कचरा म्हणत होतो ते काकूंना जून ते सप्टेंबर लागणारी वस्तू होती, आणि मी भाषण देत होते!

घरी येऊन आमच्याच चुलीची राख चाळली. काळे, काचेसारखे चकचकीत गोळे निघाले, बोटाने फुटेनात. ही राख आम्ही अळूच्या वाफ्यात टाकतो, माडाच्या आळ्यात टाकतो, सासूबाई तर अजून तिनेच भांडी घासतात. पुढच्या मिटिंगला ते गोळे सुपात घालून नेले. फार बोलले नाही, सूप फक्त फिरवलं. त्या दिवशी पहिल्यांदा बायकांनीच विचारलं, मग पेटवायचं कशाने?

उत्तर आमच्या परसातच होतं. मे महिन्यात मिरची-मसाला, पापड, सुकी मासळी अशी पावसाळ्याची बेगमी करतोच, त्यात नारळाची सोडणं आणि बारीक तोडलेल्या झावळ्या धरल्या. कडकडीत वाळवून चुलीच्या वरच्या माळ्यावर टाकायच्या, खालच्या धगीने तिथे ओल धरत नाही. गेल्या पावसाळ्यात २० घरांनी केलं. चूल पेटते, फक्त जरा फुंकावं लागतं.

दुधाच्या पिशवीचं मात्र शिकावं लागलं. आपण कोपरा कापून टाकतो ना, तो नखाएवढा तुकडा कुठेही उडतो, पावसात पऱ्यात जातो, तिथून खाडीत. म्हणून कोपरा पूर्ण तोडायचा नाही, पिशवीला लटकता ठेवायचा, पिशवी धुऊन उलटी करून दोरीला चिमट्याने लावायची. स्वच्छ, कोरड्या आणि एकगठ्ठा असतील तर भंगारवाला घेतो आता.

दुकानातल्या पातळ पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी आमच्याकडे मिळतच होत्या. दुकानदाराशी भांडलो नाही, सगळ्यांनी डबे न्यायला सुरुवात केली. मासेवाली तर खूश, तिचा पिशव्यांचा खर्च वाचला आणि बांगड्याचं पाणी घरभर गळायचं आमचंही थांबलं.

सगळ्यात अवघड गेले चाकरमानी. ते आपलेच, वर्षातून दोनदा येतात, त्यांना काय बोलायचं असं सगळ्यांना वाटायचं. शेवटी ग्रुपवर मेसेज टाकला की मखराला थर्माकोल आणू नका आणि खाऊची रिकामी पाकिटं जाताना परत मुंबईला न्या, तुमच्याकडे रोज कचऱ्याची गाडी येते, आमच्याकडे येत नाही. एक भावोजी रागावले, अजून नीट बोलत नाहीत. पण गौरी-गणपती विसर्जनानंतर चार घरांच्या पिशव्या खरंच एसटीतून परत गेल्या. जेवणावळ केळीच्या पानांवर झाली, पूर्वी व्हायची तशी.

पाकिटांचा प्रश्न सुटलेला नाही. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने डंपिंग ग्राउंडचं उद्यान केलं, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरलं, पण तिथे यंत्र आहे, माणसं आहेत. आम्ही महिन्यातून एकदा गाडी पाठवा एवढंच मागतोय. दोन अर्ज झाले, उत्तर नाही. दोन-तीन घरं अजून पाकिटं जाळतात आणि मला त्यांना रागावता येत नाही, कारण किती दिवस साठवायची ती?

समाजमंदिराच्या मागच्या पडवीत सात गोण्या भरून ठेवल्यात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत परत अर्ज देणार आहोत, यावेळी गोण्या रिक्षात घालून सोबत नेणार.