गच्ची पांढरी करायची परवानगी

आमचं घर मुलुंडला, शेवटच्या मजल्यावर. डोक्यावर थेट गच्ची. ज्यांनी असं घर घेतलंय त्यांना पुढचं सांगायला नको. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा वाजताही हाताला कोमट लागतो आणि पंखा तीच हवा खाली ढकलतो. "अगं, पंख्याखाली बसलं तरी वाफाच लागतात," हे सासूबाईंचं रोजचं वाक्य. एसी आहे, पण वरून स्लॅब तापत असताना त्याचा कॉम्प्रेसर बंदच होत नाही.

गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा रंग लावायचा, हा उपाय मला ठाऊक होता. काम दोन दिवसांचं. रंगारी मिळाला, रंग मिळाला, पैसे मीच भरणार होते. फक्त सोसायटीची एनओसी हवी होती.

हे 'फक्त' मार्चमध्ये सुरू झालं. मी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, तर सेक्रेटरी काका म्हणाले, "असं चालत नाही, लेखी अर्ज द्या." दिला. "कमिटीच्या सभेत ठेवतो." सभा झाली, पण लिफ्टच्या भांडणात माझा अर्ज वाचायचाच राहिला. पुढच्या सभेला कोरम नव्हता, कारण अर्धी कमिटी आंबे उतरवायला गावी. तोवर एप्रिल संपत आला होता आणि घरात दुपारी फरशीवर ओला टॉवेल टाकून झोपायची वेळ.

मग आक्षेप सुरू झाले. गच्ची सामाईक आहे, तुम्ही रंग लावलात तर उद्या हक्क सांगाल. पावसात घसरून कोणी पडलं तर? आज तुम्हाला दिली तर उद्या सगळे मागतील. (मागू देत की! रंगवा सगळी गच्ची!) यातला एकच आक्षेप मला खरा वाटला. कोब्यावर सोसायटीने वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं आणि त्याची गॅरंटी अजून संपली नव्हती. वर दुसऱ्याने काही लावलं की तो कंत्राटदार हात वर करणार, हे मलाही पटलं. पण हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? मी थेट त्या कंत्राटदाराला फोन केला. या रंगाने गॅरंटीला बाधा येत नाही, असं त्याने आपल्या लेटरहेडवर निमूट लिहून दिलं. जोडीला माझं हमीपत्र: गच्चीवर हक्क सांगणार नाही, खर्च माझा, घसरू नये म्हणून रंगात बारीक वाळू मिसळणार. ते ५०० च्या स्टॅम्पपेपरवर. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा चालत नाही, हेही मला काकांनीच ऐकवलं, जणू मी नियम मोडायला निघाले होते.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि सहीसकट पोच घ्या. मी घेतली होती. "तुमचा अर्ज आलाच नाही" हे ऐकल्यावर तीच प्रत पुढे केली आणि ऑफिसात दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मला फार बरं वाटलं.

परवानगी मिळाली तेव्हा मे अर्धा सरला होता. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो, पण वळीव कुणाला विचारून पडत नाही, आणि रंगाला कोरडा पृष्ठभाग लागतो. रंगाऱ्याने गच्ची घासून धुतली, सुकू दिली, मग दोन हात मारले. काम झाल्यावर दुपारी एक वाजता मी वर गेले. पांढऱ्या भागावर अनवाणी उभं राहता येत होतं, शेजारच्या करड्या कोब्यावर पाय टेकवत नव्हता. खाली बेडरूममध्ये दुपारी दोनेक अंशांचा फरक पडला. पण खरा फरक रात्रीचा, छत आता धगधगत नाही. एसी २६ वर ठेवून पंखा मंद लावला की पुरतं.

हात आखडता असेल तर चुन्यात फेविकॉल घालून मारतात, तेही चालतं. फक्त पावसात धुऊन जातं आणि दर वर्षी करावं लागतं.

कूलर मात्र घेऊ नका. आमच्याकडे पाहुण्यांनी आणला होता. नागपूरला तो उत्तम, कारण तिथली हवा कोरडी. इथल्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही, नुसता चिकचिकाट वाढतो. त्याच कारणाने ओले कपडे खोलीत वाळत घालू नका. खिडक्या सकाळी अकराच्या आत बंद करा, पश्चिमेच्या पडद्यांसकट. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडचा वारा जोरात असला की समुद्राचा वारा उशिरा सुटतो आणि चटका तेव्हाच लागतो. समुद्राचा सुटला की मग सगळं उघडा.

एनओसी उन्हाळ्यात मागायला जाऊ नका. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिच्या विषयपत्रिकेत विषय घालून घ्या आणि जमलं तर संपूर्ण गच्चीचा ठराव सोसायटीच्या खर्चाने करून घ्या. बी विंगच्या शेवटच्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्या अर्जाची झेरॉक्स नेली आहे. त्यांना कमिटीने लेखी अर्ज द्यायला सांगितलंय.