तुम्ही विचारलंत म्हणून: डाळिंबाच्या त्या ॲपचं काय झालं

सोलापुरात सात रस्त्याला भाजी घेताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या लाइनीत पण एकानं विचारलं, 'मॅडम, ते डाळिंबाचं ॲप करणार होता, पुढं काय झालं?' मी म्हणते चालू आहे. चालू नाहीये. एकदाच सांगते.

ॲप नव्हतंच, मॉडेल होतं, म्हणजे फोटो बघून शिकलेला प्रोग्राम. पानाचा फोटो दिला की तेल्या रोग आहे का सांगायचं. तेवढं कुणीही करतं, माझा विषय त्याच्या पुढचा, मॉडेल असं का म्हणालं ते दाखवायचं. गाइडेड बॅकप्रॉप नावाची पद्धत लावली, त्यात उत्तराला कारण ठरलेले पिक्सेल उठून दिसतात, असा समज. सांगोल्याला चुलतभावाच्या बागेत मोबाइलवर दाखवलं, डागाची कड बरोब्बर लाल. दादा म्हणाला, "हां, आम्ही पण हेच बघतो की." त्या एका वाक्यावर मी पेपर लिहिला. (रिव्ह्यूअरनी तरी काय केलं, चित्र बघून मान डोलावली.)

2018 ला अडेबायो नावाचे संशोधक आणि मंडळींनी अशा चित्रांसाठी एक साधी तपासणी मांडली होती. मॉडेलनं शिकलेली वजनं, म्हणजे त्याच्या आतले आकडे, पुसून रँडम आकडे भरायचे, आता त्याला काही कळत नाही, तर कारणाचं चित्रही बिघडलं पाहिजे. मी हे वर्गात शिकवत होते. स्वतःच्या कामावर चालवलं नव्हतं.

चालवलं शेवटच्या वर्षाच्या एका मुलीनं. पाच वाजून गेलेले, शिपाई किल्ल्या वाजवत दारात, आणि ती म्हणाली, "मॅडम, रँडम केलं तरी चित्र तेच येतंय." मी म्हणलं वजनं लोड झाली नसतील. तिनं दाखवलं, झाली होती. म्हणलं फाइल चुकीची घेतलीस. तिनं फाइलचं नाव दाखवलं. मग मी सगळ्यांसमोर म्हणलं, आधी पायथन नीट शिक. ती काही बोलली नाही, लॅपटॉप मिटला.

रात्री घरी स्वतः चालवलं, तीनदा. डावीकडं शिकलेल्या मॉडेलचं पान, उजवीकडं अडाणी मॉडेलचं, शिरा तशाच, डागाची कड तशीच लाल. म्हणजे ते फोटोतल्या कडा गिरवून देत होतं, बास. मॉडेलचं उत्तर चुकत होतं असं नाही हां, पण ते का बरोबर येतंय हे मला माहीतच नव्हतं. मुलीची माफी मागितली, पण एकटीला गाठून. सगळ्यांसमोर नाही.

ग्रॅड-कॅम नावाची दुसरी पद्धत त्या तपासणीत टिकली, ती लावा म्हणाल. लावली, अर्धं पान लाल होतं, शेतकऱ्याला काय सांगू? 2019 ला सिंथिया रुडिन या संशोधक बाईंनी लिहिलं, जिथं चूक महागात पडते तिथं आतलं न कळणाऱ्या मॉडेलला, बंद पेटीला, मागून कारणं चिकटवू नका, मुळात समजेल असंच मॉडेल करा. तेव्हा मी स्टाफरूममध्ये म्हणलं होतं, बाईंना पानांचे फोटो द्या एकदा. अजून निम्मं तसंच वाटतं.

पेपर मागं घेतला नाही. आकडे खोटे नाहीत, अशी समजूत घालते, ती दिवसाच पटते. विषयही तोच शिकवते, पहिल्या तासाला ती दोन पानं शेजारी शेजारी लावते आणि शिकलेलं कुठलं ते विचारते.

दादाला सांगितलं सगळं. तो म्हणाला, "बरं." मृग बहार धरला की अजून त्याचे फोटो येतात, खाली लिहिलेलं, 'जरा लाल करून पाठव.'