काचबिंदू आधी की शीर आधी? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात भेटा, लिफ्टमध्ये भेटा, प्रश्न एकच. "तुला बीपी नाही, शुगर नाही, मग डाव्या डोळ्याची शीर ब्लॉक झालीच कशी? आणि शीर ब्लॉक झाली तर हा काचबिंदू मधेच कुठून आला?" आणि पाठोपाठ "टेन्शन घेत असशील गं".

नाही घेत. डोळ्याचं प्रेशर म्हणजे मनावरचं टेन्शन नाही आणि बीपी पण नाही. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर जातं, ते नीट गेलं नाही की आतलं प्रेशर वाढतं, 10 ते 21 (पाऱ्याचे मिलिमीटर) नॉर्मल धरतात. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नर्व्ह, बहुधा या वाढलेल्या प्रेशरने, खराब होत जाते तो काचबिंदू. हळूहळू वाढलेलं प्रेशर कळत नाही, दुखत नाही, चष्म्याचा नंबरही बदलत नाही. आता डोळ्याच्या आतल्या, चित्र उमटतं त्या पडद्यावरचं रक्त परत नेणारी मुख्य शीर एकच असते आणि ती डोळ्याच्या मागे, जिथून नर्व्ह मेंदूकडे जाते तिथल्या चाळणीसारख्या भागातून बाहेर पडते. प्रेशर वर्षानुवर्षं जास्त राहिलं की तो भाग मागे ढकलला जातो, शीर चिमटते आणि तिथे रक्त गोठू शकतं. म्हणजे बीपी-शुगर नसलं तरी रस्ता आहे.

माझ्या बाबतीत हे कळलं ते उजव्या, चांगल्या डोळ्यामुळे. शीर बंद पडलेल्या डाव्याचं प्रेशर 17 आलं, सगळे खूश, पण डॉक्टरांनी उजव्याचं मोजलं तर 27. शीर बंद पडली की त्या डोळ्याचं प्रेशर सुरुवातीला बऱ्याचदा उलट उतरतं, म्हणून दुसरा डोळा बघायचा असतो. उजव्याच्या नर्व्हवर काचबिंदूच्या खुणा होत्याच.

पुढचं मी सहसा सांगत नाही. डोळ्यात इंजेक्शनं झाली, पडद्याची सूज उतरली, मग इंजेक्शनांमध्ये गॅप ठेवला. दिवाळीच्या आधी फराळाचं करताना दुपारपासून डावी बाजू ठणकायला लागली, आधी भुवई मग अर्धं डोकं मग दात सुद्धा, आणि रात्री उलट्या सुरू झाल्या. सासूबाई म्हणाल्या पित्त, नवरा म्हणाला अर्धशिशी, एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं तिथे उलटीचं आणि दुखण्याचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. मी सांगत होते हो, की या डोळ्याची शीर बंद आहे, डोळा लाल आहे, दिव्याभोवती रंगीत वलय दिसतंय, पण टॉर्च मारून कोणी डोळा नीट बघितला नाही. रात्रभर मी पलंगाच्या कडेला डोकं टेकून बसले होते, आडवं होता येत नव्हतं. सकाळी डोळ्याच्या डॉक्टरांनी प्रेशर मोजलं, 52. लगेच प्रेशर उतरवायला मॅनिटॉलचं सलाईन लावलं, त्यासाठीच डायमॉक्सच्या गोळ्या दिल्या ज्याने बोटांना मुंग्या येतात, ड्रॉप्स, पुन्हा इंजेक्शन, नंतर लेसर. दुखणं थांबलं. जे थोडंफार दिसत होतं ते परत आलं नाही.

हा दुसराच काचबिंदू. रक्त न मिळालेला पडदा व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो, त्याने बुबुळावर आणि कडेच्या जाळीवर नव्या कमकुवत रक्तवाहिन्या उगवतात आणि पाणी जायची वाट बंद करतात. शीर बंद पडल्यावर सगळ्यांना होत नाही, पण आला तर बऱ्याचदा साधारण तीन महिन्यांत येतो, इंजेक्शनांनी लांबतो, टळतोच असं नाही. म्हणजे उजवीकडे एक काचबिंदू, डावीकडे दुसरा, आणि मधे ती शीर. आधी कोण विचारता ना, तर आधीही आणि नंतरही.

पूर्वी मी ठासून सांगायचे की प्रेशर वेळेवर मोजलं असतं तर शीर बंद पडलीच नसती. आज तेवढं ठासून नाही सांगत. प्रेशर जास्त असलेल्या बहुतेकांची शीर कधीच बंद पडत नाही, आणि प्रेशर नॉर्मल असलेल्यांची पडते. पण म्हणून मोजणं फुकट गेलं असतं असंही मी मान्य करणार नाही, निदान उजवी नर्व्ह आधी सापडली असती. आणि "तुझं बीपी तर लोच असतं, बरंच आहे" म्हणणाऱ्यांना, नर्व्हला रक्त बीपीच्या जोरावर डोळ्याच्या प्रेशरविरुद्ध पोचतं, बीपी फार उतरलं तर तेही तिला मारक. म्हणून त्यावरही लक्ष ठेवतात.

सख्ख्या भावंडांना धोका जास्त म्हणून भावाला तपासून घे म्हणते, तो म्हणतो परवाच चष्म्याच्या दुकानात नंबर काढला. नंबर काढणं म्हणजे प्रेशर मोजणं नाही, नर्व्ह बघणं तर नाहीच नाही, किती वेळा सांगू.

उजव्याचं प्रेशर ड्रॉप्सवर आता 15-16 असतं. तरी मागच्या फील्ड टेस्टमध्ये (नजर समोर ठेवून आजूबाजूचं किती दिसतं ते बघतात) नाकाकडचा कोपरा जास्त काळा आला. डॉक्टर म्हणाले एका टेस्टवर ठरवायचं नाही, परत करू. तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीये.